कुत्र्याचा नकार

"घाबरू नका, काही करत नाही तो." पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये हे वाक्य ऐकायला मिळतं. बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या कुत्र्यानं आजवर खरोखरच कुणाला काही केलेलं नसतं. तरीही मला हे वाक्य धोक्याचं वाटतं, आणि लिफ्टमधल्या परक्या माणसापेक्षा घरातल्या मुलासाठी ते जास्त धोक्याचं आहे. हे वाक्य घरात एकदा रुजलं की कुत्र्याकडे बघायची गरजच संपते. तो आज कसा आहे, त्याला आत्ता काय हवंय, काय नकोय, हे कुणी विचारेनासं होतं. मूल त्याच्या अंगावर लोळतं, कान ओढतं, त्याच्या ताटलीत हात घालतं, आणि मोठी माणसं कौतुकानं बघत राहतात.

गेल्या काही वर्षांत कुत्र्यांवरून आपल्याकडे मोठे वाद झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं २३ जातींची यादी करून त्यांच्यावर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवलं, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं आधी एक आदेश दिला आणि दोन आठवड्यांच्या आत तो बदलला. वर्तमानपत्रं, वाहिन्या, सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट या वादांनी भरून गेले. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे. आपल्या देशात चावणाऱ्या कुत्र्यांत त्यांचाच वाटा मोठा. पण या सगळ्या गदारोळात एक समज आणखी घट्ट झाला: धोका रस्त्यावर असतो, किंवा पिटबुलमध्ये असतो, सोफ्यावर झोपलेल्या आपल्या लॅब्रडॉरमध्ये नसतो. ज्या घरात कुत्रा आणि मूल एकाच छपराखाली चोवीस तास राहतात, त्या घराचा विचार या चर्चेत कुणीच केला नाही.

लहान मुलांच्या बाबतीत परदेशातल्या रुग्णालयांच्या नोंदी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आल्या आहेत. चावलेला कुत्रा बहुतेक वेळा ओळखीचा असतो: घरचा, शेजारचा, आजोळचा. मूल जितकं लहान, तितकी जखम चेहरा, डोकं, मान इथे होण्याची शक्यता जास्त, कारण त्याचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर असतं आणि प्रेमानं ते आणखी जवळ नेलं जातं. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात इलाना राइस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना चावलेल्या शंभरावर कुत्र्यांचा अभ्यास करून २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश कुत्र्यांनी त्याआधी कुठल्याही मुलाला चावलेलं नव्हतं. म्हणजे त्यांचे मालकही आदल्या दिवसापर्यंत "मुलांना काही करत नाही तो" असं म्हणू शकले असते, आणि ते खरंच असतं. आणखी एक गोष्ट या अभ्यासात दिसली. घरातल्या, ओळखीच्या मुलांना कुत्रे चावले ते मुख्यतः खाणं किंवा आपली एखादी वस्तू राखताना. परक्या मुलांना चावले ते आपली जागा राखताना. यात क्रौर्य नाही, पिसाळलेपण नाही. कुत्र्यानं कुत्र्यासारखं वागणं आहे, आणि ते आधी ओळखता येण्याजोगं आहे.

आपल्याकडे कुत्रा पाळणं नवं नाही, पण कुत्र्याला घरात, अगदी अंथरुणात घेणं बऱ्यापैकी नवं आहे. खेड्यातल्या घराचा कुत्रा अंगणात, गोठ्याशी किंवा खळ्यावर असायचा. उंबरा ही त्याची हद्द. भाकरीचा तुकडा त्याला लांबून टाकला जायचा, आणि तो खात असताना त्याच्याजवळ जायचं नाही हे मुलांना आजी बजावायची. त्या व्यवस्थेत दगड होते, काठी होती, दिवसभराची साखळी होती; तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तिच्यात अंतर होतं, आणि ते अंतर मुलांना आणि कुत्र्याला दोघांनाही सांभाळायचं. शहरातल्या सहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये ते अंतर संपलं. कुत्रा आता घरातलं 'बाळ' आहे, मुलाचा 'दादा' आहे, त्याचा वाढदिवस होतो. या मायेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की अंतर गेलं आणि त्याच्या जागी कुठलाच नियम आला नाही. माणसाच्या बाळाला छातीशी घट्ट धरलं की ते शांत होतं. कुत्र्याला घट्ट धरलं की त्याची सुटकेची वाट बंद होते. सगळेच कुत्रे त्याला विरोध करत नाहीत, पुष्कळसे सोसतात. आपण त्या सोसण्यालाच आवड समजतो.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण प्रत्येक पिढीतल्या मुलांना सांगितले. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे दाखवले, खंडोबासोबतचा कुत्रा दाखवला. दया शिकवण्यात आपण कमी पडलो नाही. पण समोरच्या प्राण्याकडे नीट बघायला, त्याच्या अंगावरून त्याचं मन ओळखायला आपण शिकवलं नाही, कारण ते आपल्यालाच कधी कुणी शिकवलं नव्हतं. भूतदयेत हे बघणंही यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

बघायचं म्हणजे काय बघायचं? कुत्रा बोलत नाही असं आपण म्हणतो, पण तो दिवसभर बोलत असतो. नकोसं झालं की आधी तो तोंड फिरवतो. खायला समोर काहीच नसताना जिभल्या चाटतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. मग कान मागे जातात, शेपूट पोटाखाली जाते, तो उठून दुसरीकडे जाऊन बसतो. मूल मागोमाग गेलं की डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसायला लागतो. मान न वळवता तो मुलाकडे तिरपं बघत असतो. त्यानंतर येतो तो क्षण जो सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त निसटणारा: तो ताठ होतो. अंग आखडतं, तोंड मिटतं, चघळणं थांबतं, क्षणभर श्वासही थांबल्यासारखा वाटतो. बघणाऱ्याला वाटतं, किती शहाण्यासारखा गप्प बसलाय. त्यानंतर गुरगुरणं, ओठ वर करून दात दाखवणं, हवेत तोंड मारणं, आणि सगळ्यात शेवटी चावणं. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी हा क्रम शिडीसारखा मांडून दाखवला आहे. खालच्या पायऱ्यांवर कुणी ऐकलं, तर कुत्र्याला वर चढायची गरज पडत नाही. शेपटीबद्दलही एक मोठा गैरसमज आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, असं पुस्तकांतून शिकवतात. सैल, सगळं अंग डोलवत हलणारी शेपूट आणि उंच, ताठ, टोकाशी भराभर हलणारी शेपूट यांत फार फरक आहे. दुसरीचा अर्थ कुत्रा उत्तेजित आहे एवढाच, आणि उत्तेजित कुत्रा काय करील ते आधी सांगता येत नाही.

ही चिन्हं मुलांना आपोआप कळत नाहीत. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइन्ट्स यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना कुत्र्यांच्या चित्रफिती दाखवल्या. दात विचकून गुरगुरणारा कुत्रा बघून बऱ्याच लहान मुलांनी तो खूश आहे, हसतोय असं सांगितलं. मुलाच्या जगात दात दिसणं म्हणजे हसणंच असतं, त्यात त्याची चूक काय? खालच्या पायऱ्यांवरची सौम्य चिन्हं तर मोठ्यांच्याही नजरेतून निसटली. आपण समाजमाध्यमांवर ज्या रील्स कौतुकानं पुढे पाठवतो त्या एकदा आवाज बंद करून, बाळाकडे न बघता फक्त कुत्र्याकडे बघत पाहाव्यात. बाळ कुत्र्याच्या पाठीवर बसलंय, कुत्र्याची मान दुसरीकडे वळलीय, जीभ पुन्हा पुन्हा नाकावर येतेय, डोळ्यांत पांढरं दिसतंय. खाली शेकडो लोकांनी बदाम टाकलेले असतात. अशा रील्स पुढे पाठवणं थांबवायला हवं. त्या पाहून दुसऱ्या घरातलं मूल दुसऱ्या कुत्र्याच्या पाठीवर बसवलं जातं.

आता गुरगुरण्याबद्दल. बाळाच्या अंगावर कुत्रा गुरगुरला की घरात पहिली प्रतिक्रिया होते ती त्याला ओरडण्याची, नाकावर मारण्याची. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी चूक हीच. गुरगुरणं हा इशारा आहे, आणि इशारा देणारा कुत्रा अजून चावायचं टाळतोय. मार खाल्लेला कुत्रा एवढंच शिकतो की इशारा दिला की मार बसतो. मूल नकोसं वाटणं काही कमी होत नाही. उलट मूल आलं की मार बसतो असा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का होऊन ते वाढतं. मग एके दिवशी तो न गुरगुरता चावतो, आणि लोक म्हणतात, अचानक चावला. गुरगुरल्यावर मुलाला शांतपणे उचलून बाजूला घ्यावं, कुत्र्याला मोकळी जागा द्यावी, आणि मग शोधावं की नेमकं काय खटकलं. खेळणं? हाड? झोपमोड? दुखरा कान? तेच तेच पुन्हा होत असेल तर पशुवैद्याला दाखवावं, वर्तनाची जाण असलेल्या माणसाची मदत घ्यावी. पण त्याचा आवाज दाबू नये.

मुलांना शिकवायचं कधीपासून? चार वर्षांखालच्या मुलाला नियम सांगून भागत नाही, हे आधी कबूल करावं. ते ऐकतं, मान डोलावतं, आणि दुसऱ्याच क्षणी कुत्र्याच्या शेपटीला लटकतं. या वयात शिकवणं हे सुरक्षिततेचं साधन होऊच शकत नाही. साधन म्हणजे दार, जाळीचं फाटक, पट्टा, वेगळी खोली, आणि मोठ्या माणसाचं लक्ष. या 'लक्ष ठेवण्या'बद्दल आपण स्वतःला फार फसवतो. आई स्वयंपाकघरात, बाबा लॅपटॉपवर, आजी देवघरात, मूल आणि कुत्रा हॉलमध्ये. याला लक्ष ठेवणं म्हणत नाहीत. हाताच्या अंतरावर, मोबाइल खाली ठेवून, कुत्र्याच्या अंगाकडे बघत बसलेला एक माणूस म्हणजे लक्ष. तेवढा माणूस मोकळा नसेल, तर दोघांच्या मध्ये बंद दार. दूध उतू जातंय म्हणून उठावं लागलं तर मुलाला कडेवर घेऊन उठावं. हे कंटाळवाणं आहे, मान्य आहे. पण दीड वर्षाच्या मुलाकडून समजुतीची आणि कुत्र्याकडून संतपणाची अपेक्षा करण्यापेक्षा मोठ्यांनी थोडा कंटाळा सोसावा.

चार-पाच वर्षांनंतर शिकवता येतं, आणि छान शिकवता येतं. माझा आग्रह असा की नियम थोडे असावेत आणि ते सूचना म्हणून न सांगता रोज करून दाखवावेत. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा काही चघळणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. तिथे अपवाद नाही. पिल्लांजवळच्या कुत्रीचं तर नावच काढायचं नाही. कुत्र्याकडे आपण जायचं नाही, त्याला बोलवायचं. हा एक नियम मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. मुलानं जमिनीवर बसावं, मांडीवर थाप मारावी, नाव घ्यावं. आला तर आला. नाही आला तर आज त्याला खेळायचं नाहीये. आला की मानेच्या बाजूला, छातीवर तीन-चारदा हळू हात फिरवावा आणि हात मागे घ्यावा. कुत्रा जवळ सरकला, हाताखाली डोकं घातलं, तर आणखी कुरवाळावं. जागच्या जागी थांबला किंवा तोंड वळवलं, तर पुरे. पाच वर्षांच्या मुलाला ही हात मागे घेऊन उत्तराची वाट बघण्याची गोष्ट खेळासारखी आवडते. थोड्याच दिवसांत ते आजोबांना सांगायला लागतं, "आबा, त्याला नकोय आत्ता." त्या वाक्यासाठी ही सगळी खटपट आहे. परका कुत्रा अंगावर धावून आला तर काय, हेही शिकवावं: पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात अंगाशी, नजर आपल्या पायांकडे, झाडासारखं उभं राहायचं, पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाकायचे. घरातल्या घरात याचा सराव करता येतो, आणि मुलं तो हौसेनं करतात.

शिकवून उपयोग होतो का, अशी शंका काही जण काढतात. सिडनीत सात-आठ वर्षांच्या मुलांवर झालेला एक प्रयोग २००० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. काही शाळांतल्या मुलांना कुत्र्याजवळ कसं वागावं याचा अर्ध्या तासाचा धडा दिला, काहींना दिला नाही. आठवड्याभरानं शाळेच्या मैदानात एक कुत्रा बांधून ठेवला. धडा न मिळालेल्या मुलांपैकी ७९ टक्के मुलं जाऊन त्याला थोपटून आली; धडा मिळालेल्यांपैकी ९ टक्के. अर्ध्या तासात एवढा फरक. आपल्या महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत, जिथे मुलं रोज कुत्र्यांच्या टोळक्यातून चालत येतात, असा अर्धा तास का नसावा? मात्र यातून घरच्या कुत्र्याबद्दल फार निष्कर्ष काढू नयेत. परक्या, बांधलेल्या कुत्र्यापासून लांब राहणं सोपं. घरच्या कुत्र्याच्या बाबतीत मूल धड्यापेक्षा आईबाबांचं बघून वागतं. बाबा रोज संध्याकाळी कुत्र्याच्या तोंडातलं खेळणं हिसकावत असतील, त्याची ताटली मध्येच उचलून "बघ, मी काही केलं तरी चालतं" असं दाखवत असतील, तर मूलही तेच करणार. फरक इतकाच की कुत्रा बाबांचं सोसतो. मुलाचं सोसेलच असं नाही.

याच्या उलट टोकाला भीती आहे. "भात संपव, नाहीतर भूभू येईल," हे आपल्याकडचं जुनं शस्त्र. ते टाकून द्यायला हवं. घाबरलेलं मूल कुत्रा दिसताच किंचाळतं आणि पळत सुटतं, आणि पळणाऱ्याच्या मागे लागणं कुत्र्याच्या रक्तातच असतं. म्हणजे भीती मुलाला वाचवत तर नाहीच, उलट अडचणीत आणते. शिवाय भीतीनं मूल कुत्र्याकडे बघायचंच थांबतं. ते डोळे मिटून घेतं.

घरचा कुत्रा रोज सारखा नसतो, हेही मुलांना कळायला हवं. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजानं तो पलंगाखाली शिरतो, थरथरतो, खात नाही. नेमकी तेव्हाच घरात पाहुण्यांची मुलं असतात, आणि कुणीतरी त्याची समजूत काढायला पलंगाखाली हात घालतं. गणपतीत ढोल-ताशांच्या आवाजानं हेच होतं. मे महिन्यात मामाकडे आलेली भाचरं घरच्या मुलांसारखीच त्याच्या अंगावर धावतात. त्याच्यासाठी ती परकी, त्याच्या जागेत घुसलेली. आणि म्हातारपण. आठ-दहा वर्षांचा कुत्रा, कमरेचे सांधे दुखतायत, कमी ऐकू येतंय, डोळ्यांत मोतीबिंदू. मागून येऊन मुलानं अंगावर उडी घेतली तर तो आधी दचकतो, मग कळवळतो. इतकी वर्षं गरीब होता, आता काय झालं, असं लोक विचारतात. त्याला दुखत असतं, एवढंच झालेलं असतं. त्याची एक जागा घरात ठरवून द्यावी, जिथे तो गेला की कुठलंही मूल, पाहुणं असो वा घरचं, त्याच्यामागे जाणार नाही. फ्लॅट लहान असला तरी जेवणाच्या टेबलाखालचा एक कोपरा निघतो. सणासुदीला, घर भरलेलं असताना, दार लावून त्याला शांत खोलीत ठेवणं यात त्याचा काही अपमान नाही.

मला याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुत्र्याला नको असेल तेव्हा थांब, असं आपण मुलाला सांगतो. पण त्याच मुलाला नको असताना आपण काय करतो? "काकांना पापी दे", "मावशीच्या मांडीवर बस", गालगुच्चे, गुदगुल्या. मूल अंग चोरतं, तोंड फिरवतं, आणि सगळे हसतात. तोंड फिरवणं ही कुत्र्याच्याही नकाराची पहिली पायरी आहे, हे आठवावं. ज्या मुलाचा स्वतःचा नकार रोज हसण्यावारी जातो, त्याला दुसऱ्या जिवाचा नकार दिसेल कसा? म्हणून मी म्हणते, कुत्र्यापाशी शिकवायची ही गोष्ट घरातल्या सगळ्या माणसांच्या वागण्यात असायला लागेल. मुलानं मान फिरवली की मावशीनं हात मागे घ्यावा. मग कुत्र्यानं मान फिरवल्यावर हात मागे घ्यायला त्या मुलाला वेगळं शिकवावं लागणार नाही.

एवढं सगळं करूनही कधीतरी दात लागू शकतो. त्यासाठी मुलाची तयारी आधी करून ठेवावी लागते, आणि इथे मला 'तोत्तोचान' आठवते. तेत्सुको कुरोयानागी यांचं १९८१ चं हे जपानी पुस्तक मराठीतही शिक्षक आणि पालकांचं लाडकं आहे. त्यात एक प्रकरण तोत्तोचानच्या रॉकी या जर्मन शेफर्डचं आहे. दोघं लांडगा-लांडगा खेळत असतात आणि खेळता खेळता रॉकीचा दात लागून तिचा कान तुटून लोंबायला लागतो. रक्त वाहत असताना तिचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: रॉकीला कुणी रागावू नये. त्याला कुणी रागावेल ही तिची खरी भीती असते, वेदनेपेक्षा मोठी. आपण ते प्रकरण तिच्या मायेची गोष्ट म्हणून वाचतो. मी ते पालकांना वेगळ्या कारणासाठी पुन्हा वाचायला सांगेन. तोत्तोचानची जखम लपण्यासारखी नव्हती. पण बोटावरचा ओरखडा, पोटरीवरची दाताची खूण लपते. कुत्र्याला मार बसेल, त्याला कुठेतरी सोडून येतील, किंवा 'तूच काहीतरी केलं असशील' म्हणून आपल्यालाच बोलणी बसतील, या भीतीनं मुलं ती लपवतात. आपल्या देशात हे लपवणं जिवावर बेतू शकतं.

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत तो कुत्र्यापासून येतो, आणि पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी ४० टक्के जण १५ वर्षांखालची मुलं असतात. पाश्चरनं ६ जुलै १८८५ रोजी ज्याला पहिल्यांदा रेबीजची लस टोचली तो जोसेफ माइस्टरही नऊ वर्षांचाच होता. तेव्हापासून या मरणावर उपाय आहे. अट एकच, तो वेळेत व्हायला हवा. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नये. पट्टी घट्ट बांधू नये. मग थेट दवाखाना. सरकारी रुग्णालयात लस मिळते, आणि रक्त आलेलं असेल तर जखमेभोवती टोचायचं वेगळं औषधही लागतं. कातडी फुटली असेल तर ओरखडा आणि चाटणंही यातच मोडतं. घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस दिलेली असेल तर धोका फार कमी, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, हे खरं. मात्र ते दहा दिवस उपचार सुरू करून मोजायचे असतात, उपचार थांबवून नाही. कुत्रा घरात असलेल्या मुलांना आधीच लस टोचून घेता येते. त्याबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारावं.

आणि चावलेल्या कुत्र्याचं काय? त्याला गाडीत घालून घाटात किंवा दुसऱ्या गावच्या हद्दीत सोडून येणारी माणसं आहेत. उपासमार होईल अशा रीतीनं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि ज्या मुलासाठी ते केलं असं सांगितलं जातं, त्याच्या मनावर ते आयुष्यभराचं ओझं ठेवतं. वाटेल ते झालं तरी त्याच घरात ठेवा, असं मी म्हणणार नाही. काही कुत्र्यांचं आणि काही घरांचं जमत नाही. अशा वेळी जाणत्या माणसाच्या सल्ल्यानं, मुलाला विश्वासात घेऊन, कुत्र्यासाठी मुलं नसलेलं दुसरं घर शोधावं.

तुमच्या घरात कुत्रा आणि मूल दोन्ही असतील, तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्या मुलाला जवळ बसवून एवढं सांगा: त्याचा दात लागला, नख लागलं, तर लगेच आम्हाला सांगायचं, तुला कुणी रागावणार नाही आणि त्यालाही कुणी मारणार नाही. आणि तशी वेळ आलीच, तर दिलेला शब्द पाळा.